ब्राउझर आणि सर्व्हरचा सामायिक कोड: सुरुवात कुठून करायची, थांबायचं कुठे

बिलिंगच्या ॲपमध्ये हमखास येणारी एक तक्रार आहे: स्क्रीनवर एकूण रक्कम एक दिसते आणि छापलेल्या बिलावर ती एका पैशाने वेगळी असते. समजा तीन वस्तू आहेत, प्रत्येकी ९ रुपये ९९ पैसे, जीएसटी १८ टक्के. ब्राउझरमधल्या कोडने आधी बेरीज केली, २९ रुपये ९७ पैसे, आणि त्यावर १८ टक्के काढले: ५ रुपये ३९ पैसे. सर्व्हरवरच्या कोडने प्रत्येक ओळीवर ९ टक्के केंद्राचे आणि ९ टक्के राज्याचे वेगवेगळे काढले, प्रत्येक आकडा पैशापर्यंत पूर्ण केला आणि मग बेरीज केली: ५ रुपये ४० पैसे. दोघांचंही गणित चोख आहे. नियम मात्र दोन ठिकाणी लिहिला गेला आणि दोघांनी तो आपापल्या परीने लिहिला.

२००९ मध्ये रायन डालने नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) आणलं तेव्हापासून ब्राउझर आणि सर्व्हर या दोन्हीकडे जावास्क्रिप्ट चालवणं सोपं झालं. मग नियम एकदाच लिहून दोन्हीकडे का वापरू नये, हा प्रश्न ओघाने आलाच. उत्तर 'वापरा' असंच आहे, पण एका अटीवर: सामायिक कोड जितका थोडा ठेवाल तितका तो टिकेल. नवखे लोक बहुतेक वेळा उलट करतात. एकदा 'शेअर्ड' नावाचं फोल्डर झालं की जे कुठेच बसत नाही ते तिथे टाकलं जातं, आणि वर्षभरात त्याचा घरातला माळा होतो.

खालच्या पायऱ्यांसाठी एका दुकानाचं बिलिंग ॲप धरू. ब्राउझरमध्ये रिॲक्ट (स्क्रीन उभारणारी लायब्ररी) आणि व्हीट (ब्राउझरसाठी कोड बांधणारं साधन), सर्व्हरवर नोड आणि एक्सप्रेस (विनंत्यांना उत्तर देणारी लायब्ररी), दोन्हीकडे टाइपस्क्रिप्ट, म्हणजे कशात काय बसतं तो प्रकार (टाइप) लिहून ठेवू देणारं जावास्क्रिप्ट. फाइलींची नावं आणि आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. एडिटरमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.

पायरी १: काय सामायिक करायचं ते ठरवा

कोडचा प्रत्येक तुकडा हातात घेऊन दोन प्रश्न विचारा. याला चालायला ब्राउझरची खिडकी, डेटाबेस, फाइल, नेटवर्क किंवा घड्याळ लागतं का? आणि हा कोड उद्या एखाद्या गिऱ्हाइकाने वाचला तर चालेल का? पहिल्याचं उत्तर 'नाही' आणि दुसऱ्याचं 'हो' असेल तरच तो तुकडा सामायिक फोल्डरात जाईल.

या चाळणीतून आमच्या बिलिंग ॲपमधलं फार थोडं खाली पडतं. बिलाचा आकार, म्हणजे बिलात कोणती खानी (फील्ड) असतात आणि प्रत्येकात काय बसतं. तपासणीचे नियम: पिनकोड सहा अंकी असतो आणि शून्याने सुरू होत नाही, असे. कराचं गणित. आणि काही ठरलेली नावं: बिलाच्या अवस्था, म्हणजे कच्चं, पक्कं, रद्द; आणि चुकांचे सांकेतिक शब्द. बस.

डेटाबेसच्या क्वेरी चाळणीत अडकतात, रिॲक्टचे कंपोनंट अडकतात, सर्व्हरला विनंती पाठवणारा कोडही अडकतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मालाची खरेदी किंमत आणि नफ्याचं सूत्रही अडकतं. ते सूत्र निव्वळ गणित आहे, त्याला डेटाबेस लागत नाही, म्हणून पहिल्या प्रश्नात ते पास होतं. पण ब्राउझरकडे गेलेला कोड कोणीही उघडून वाचू शकतो, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नात ते नापास.

पायरी २: फोल्डरांची मांडणी

एकच रिपॉझिटरी, म्हणजे कोडचं एकच कोठार, ठेवा. मुळाशी दोन फोल्डर: 'ॲप्स' आणि 'पॅकेजेस'. 'ॲप्स'मध्ये 'वेब' (ब्राउझरचा कोड) आणि 'एपीआय' (सर्व्हरचा कोड). 'पॅकेजेस'मध्ये फक्त 'शेअर्ड'. मुळाशी असलेल्या पॅकेज-डॉट-जेसन फाइलमध्ये दोन गोष्टी लिहायच्या: 'प्रायव्हेट'ची किंमत 'ट्रू', आणि 'वर्कस्पेसेस' या नावाखाली 'ॲप्स/*' आणि 'पॅकेजेस/*' अशी यादी. एनपीएम या पॅकेज आणून बसवणाऱ्या साधनात ही सोय सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून आहे. यार्न या तशाच दुसऱ्या साधनात २०१७ पासून. आता मुळाशी उभं राहून 'एनपीएम इन्स्टॉल' चालवलं की 'नोड-मॉड्यूल्स'मध्ये तुमच्या शेअर्ड पॅकेजची खरी प्रत येत नाही, तिकडे बोट दाखवणारी लिंक तयार होते. शेअर्डमध्ये बदल केला की तो दोन्ही ॲपना लगेच दिसतो.

'वेब' आणि 'एपीआय' या दोघांच्या पॅकेज-डॉट-जेसनमध्ये शेअर्ड पॅकेज डिपेंडन्सी, म्हणजे लागणारं पॅकेज, म्हणून लिहायला विसरू नका. न लिहिताही कोड बरेचदा चालतो, कारण लिंक मुळाशी असतेच; पण नंतर एखादं ॲप एकटं बिल्ड करायला, म्हणजे चालवण्याजोग्या रूपात आणायला, गेलात की अडतं. आवृत्तीच्या जागी एनपीएममध्ये नुसती चांदणी चालते, पीएनपीएम या तिसऱ्या साधनात 'वर्कस्पेस:*' असं लिहायचं.

शेअर्ड पॅकेज एनपीएमवर वेगळं प्रकाशित करा, किंवा ते गिट सबमॉड्यूल (एका रिपॉझिटरीत अडकवलेली दुसरी) म्हणून जोडा, असे सल्ले तुम्हाला मिळतील. दोन ॲप आणि दोन-चार माणसं असतील तर यातलं काहीही करू नका. प्रत्येक स्वल्पविरामाच्या बदलासाठी आवृत्ती वाढवायची, प्रकाशित करायची, मग दोन्हीकडे ती ओढून घ्यायची, या खटाटोपाला कंटाळून लोक पुन्हा कॉपी-पेस्टवर येतात. आणि टाइपस्क्रिप्टच्या सेटिंगमधला 'पाथ्स' वापरून फोल्डरला टोपणनाव देण्याचा मोहही टाळा. ते टोपणनाव टाइपस्क्रिप्टला कळतं, पण बिल्ड झालेल्या फाइलीत ते तसंच राहतं आणि नोडला ते ओळखू येत नाही. एडिटरमध्ये लाल रेघ नाही आणि चालवलं की मॉड्यूल सापडत नाही, असा अनुभव आला तर आधी इथे बघा.

पायरी ३: शेअर्ड पॅकेजला कुंपण घाला

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. सगळ्यात जास्त फायदा मात्र हिच्यातच आहे.

शेअर्ड पॅकेजला स्वतःची टीएसकॉन्फिग (टाइपस्क्रिप्टच्या सेटिंगची) फाइल द्या आणि तिच्यात 'लिब' या खान्यात फक्त 'ईएस२०२२', म्हणजे निव्वळ भाषा, लिहा. 'डॉम', म्हणजे ब्राउझरच्या पानाशी संबंधित सगळं, लिहू नका. 'टाइप्स'ची यादी रिकामी ठेवा, म्हणजे नोडचे टाइपही आपोआप आत येणार नाहीत. आता या फोल्डरात कोणी 'विंडो' किंवा 'प्रोसेस' लिहिलं तर कंपायलर तिथल्या तिथे अडवेल. इतकंच काय, 'कन्सोल-लॉग'सुद्धा चालणार नाही, कारण तोही भाषेचा भाग नाही, ब्राउझरने आणि नोडने आपापला पुरवलेला आहे. सुरुवातीला याचा वैताग येतो. पण चाळणीचा पहिला प्रश्न आता तुम्हाला दर वेळी विचारावा लागत नाही, कंपायलर विचारतो. फक्त घड्याळ यातून सुटतं, कारण 'डेट' हा भाषेचाच भाग आहे; त्याच्यावर तुम्हालाच लक्ष ठेवावं लागेल.

त्याच फाइलीत 'कंपोझिट' चालू करा आणि दोन्ही ॲपच्या टीएसकॉन्फिगमध्ये 'रेफरन्सेस'खाली शेअर्डचा पत्ता द्या. ही सोय टाइपस्क्रिप्ट ३.० मध्ये, २०१८ साली आली. मग 'टीएससी --बिल्ड' ही एकच आज्ञा आधी शेअर्ड, मग त्यावर अवलंबून असलेलं, असा क्रम स्वतः लावते.

पॅकेज-डॉट-जेसनमध्ये 'टाइप'ची किंमत 'मॉड्यूल' ठेवा आणि 'एक्स्पोर्ट्स' हे खानं भरा. 'एक्स्पोर्ट्स' म्हणजे पॅकेजचे दरवाजे. जे तिथे लिहिलं नाही ते बाहेरून मागवता येत नाही; मागवलं तर नोड चूक दाखवून थांबतो. 'बिल', 'कर', 'तपासणी' असे तीन वेगळे दरवाजे ठेवा. सगळं एका इंडेक्स फाइलीतून पुन्हा निर्यात करण्याची पद्धत दिसायला सोयीची आहे, पण त्यामुळे ब्राउझरला एक फंक्शन हवं असताना बाकीचंही मागोमाग ओढलं जाण्याची शक्यता वाढते.

एक बारीक गोष्ट: 'टाइप'ची किंमत 'मॉड्यूल' असताना नोडला शेजारच्या फाइलीचं पूर्ण नाव लागतं. त्यामुळे टाइपस्क्रिप्टच्या फाइलीतही इम्पोर्ट करताना शेवटी 'डॉट-जेएस' लिहावं लागतं, प्रत्यक्षात समोर 'डॉट-टीएस' फाइल असली तरी. विचित्र दिसतं, पण बरोबर आहे. कारण बिल्ड झाल्यावर तिथे 'डॉट-जेएस'च असणार आहे.

पायरी ४: पहिला सामायिक तुकडा, बिलाचा आकार

नवखा माणूस इथे टाइपस्क्रिप्टचा इंटरफेस लिहितो, दोन्हीकडे इम्पोर्ट करतो आणि काम झालं म्हणतो. अर्धंच झालं. टाइपस्क्रिप्टचे टाइप बिल्ड होताना पुसले जातात. सर्व्हर चालू असताना बाहेरून जे जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) येतं ते कुठल्याही आकाराचं असू शकतं, आणि तुम्ही त्याला 'बिल' म्हटल्याने ते बिल होत नाही.

म्हणून आकार स्कीमा म्हणून, म्हणजे ॲप चालू असतानाही तपासता येईल असं वर्णन म्हणून, लिहा. झॉड ही लायब्ररी यासाठी सरळ आहे. ग्राहकाचं नाव मजकूर असावं, पिनकोड अमुक नमुन्यात बसावा, वस्तूंची यादी रिकामी नसावी, असं तुम्ही एकदाच लिहिता. त्यातून 'इन्फर' वापरून टाइपस्क्रिप्टचा टाइप आपोआप मिळतो, म्हणजे टाइप वेगळा लिहायचा नाही. ब्राउझर हीच स्कीमा फॉर्म तपासायला वापरतो आणि सर्व्हर हीच स्कीमा आलेली विनंती तपासायला.

सर्व्हरने पुन्हा तपासायचंच. 'ब्राउझरने तपासलंय ना, तेही याच कोडने!' हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण सर्व्हरला विनंती पाठवायला ब्राउझर लागतच नाही. कोड सामायिक केल्याने तपासणी एकदाच लिहावी लागते; ती चालते मात्र दोनदा, आणि तशीच चालली पाहिजे.

चुकांचा मजकूर स्कीमात लिहू नका. तिथे 'पिनकोड-चुकीचा' असा सांकेतिक शब्द ठेवा आणि 'पिनकोड सहा अंकी हवा' हे वाक्य ब्राउझरच्या बाजूला लिहा. उद्या ॲप हिंदीत किंवा कोकणीत करायचं ठरलं तर सर्व्हरला हात लावावा लागणार नाही.

आपल्या वाचकांसाठी यात दोन खास खाचा आहेत. पहिली अंकांची. मराठी कीबोर्डवरून कोणी पिनकोड '४११००४' असा देवनागरीत टाइप केला, तर जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकूर नमुन्याशी जुळवण्याच्या भाषेतलं) 'बॅकस्लॅश-डी' त्याला अंक मानत नाही. तिथे फक्त इंग्रजी अंक (0 ते 9) चालतात. 'नंबर' फंक्शनला दिलं तर 'अंक नाही' असं उत्तर येतं. तेव्हा तपासणीच्या आधी देवनागरी अंक इंग्रजी करून घेणारं छोटं फंक्शन लिहा आणि ते स्कीमातच बसवा, म्हणजे दोन्हीकडे सारखंच चालेल. मराठी माणसाला मराठी अंक लिहिल्याबद्दल 'चुकीचा पिनकोड' असं सुनावणारं ॲप बनवू नये.

दुसरी खाच 'दुसऱ्या'मधल्या 'ऱ'ची. युनिकोडमध्ये हे अक्षर एका चिन्हाने लिहिता येतं, आणि 'र'पुढे नुक्ता लावून दोन चिन्हांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, पण लांबी वेगळी भरते आणि तुलना केली तर जुळत नाहीत. गिऱ्हाइकाचं नाव शोधलं आणि सापडलं नाही, तर हे कारण असू शकतं. मजकूर आत येतानाच 'नॉर्मलाइझ' करून 'एनएफसी' या एका ठरलेल्या रूपात आणायचा, हेही स्कीमातच.

जीएसटी क्रमांकाची तपासणी हा सामायिक कोडचा फार छान नमुना आहे. १५ चिन्हं: पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढची दहा चिन्हं म्हणजे पॅन, आणि शेवटचं चिन्ह आधीच्या १४ वरून गणिताने निघतं. प्रत्येक चिन्हाला ० ते ३५ मधली किंमत द्यायची, तिला आळीपाळीने १ आणि २ ने गुणायचं, गुणाकाराला ३६ ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज करायची, सगळ्या बेरजांची मिळून एक बेरीज, तिला ३६ ने भागून येणारी बाकी ३६ मधून वजा करायची. उत्तर ३६ आलं तर ते ० धरायचं. नेटवर्क लागत नाही, गुपित नाही, उत्तर नेहमी तेच. टाइप करतानाची चूक ब्राउझरमध्येच पकडली जाते. तो क्रमांक खरोखर कोणाचा आहे आणि चालू आहे का, हा प्रश्न वेगळा; तो सर्व्हरनेच बाहेर विचारायचा, आणि तो कोड सर्व्हरच्याच फोल्डरात राहायचा.

पायरी ५: गणित

पैसे कायम पूर्णांकात, पैशांमध्ये ठेवा. ९ रुपये ९९ पैसे म्हणजे ९९९. दशांश अपूर्णांकांवर विसंबू नका: जावास्क्रिप्टमध्ये १.००५ ला १०० ने गुणलं तर १००.५ येत नाही, १००.४९९९९९९९९९९९९९ येतं, आणि मग पूर्ण करताना १०१ च्या जागी १०० मिळतात.

पूर्णांक करण्याची कृती एकाच फंक्शनात असू द्या आणि बाकी सगळ्यांनी तेच वापरायचं. सुरुवातीच्या उदाहरणातला एक पैसा याच जागी हरवला होता. ओळीवर पूर्ण करायचं की बेरजेवर, हे तुमच्या हिशेबनिसाला विचारून एकदा ठरवा आणि त्या फंक्शनच्या डोक्यावर टिप्पणी म्हणून लिहा. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट करताना आणखी एक चकवा आहे: 'मॅथ-राउंड' ८९.५ चे ९० करतं, पण उणे ८९.५ चे उणे ८९. म्हणजे विक्री आणि परतावा एकमेकांना पूर्ण कापत नाहीत. चिन्ह बाजूला काढा, पूर्ण करा, चिन्ह परत लावा.

कराचे दर फंक्शनच्या पोटात लिहू नका, बाहेरून द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांश वस्तूंसाठी गेले. ज्यांनी दर कोडमध्ये कोरले होते त्यांना त्या रात्री नवीन बिल्ड लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि बिल्ड लावूनही भागत नाही, कारण काउंटरवरच्या संगणकात आदल्या दिवसापासून उघडा असलेला टॅब जुनाच कोड चालवत असतो. दर हा डेटा आहे. तो तारखेसह डेटाबेसमध्ये राहतो आणि सर्व्हर तो ब्राउझरला पाठवतो. सामायिक असतं ते फक्त सूत्र: ओळी द्या, दर द्या, दुकानाचं राज्य आणि पुरवठ्याचं ठिकाण द्या, राज्य एकच असेल तर कर केंद्र आणि राज्यात अर्धा-अर्धा, वेगळं असेल तर पूर्ण आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीचा कर).

घड्याळाचंही तसंच. 'आत्ता किती वाजले' हे सामायिक फंक्शनने स्वतः विचारायचं नाही, वेळ बाहेरून यायला हवी. आर्थिक वर्ष काढणारं फंक्शन घ्या. १ एप्रिलला पहाटे दोन वाजता बिल झालं, तर सर्व्हर बहुधा ज्या यूटीसी वेळेवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतो त्याप्रमाणे अजून ३१ मार्चच्या रात्रीचे साडेआठच वाजलेले असतात. दुकानातला ब्राउझर नवं वर्ष म्हणेल, सर्व्हर जुनं. कोड एकच असून उत्तरं दोन, कारण दोघांनी आपापल्या यंत्राला वेळ विचारली. उपाय असा की फंक्शनला क्षण द्या आणि आत 'इंटल-डेटटाइमफॉरमॅट'ला 'एशिया/कोलकाता' हे स्पष्ट सांगा. न्यू जर्सीत बसून दुकानाचा हिशेब बघणाऱ्या मुलालाही मग बरोबर तारीख दिसते.

बिल जतन करताना ब्राउझरने पाठवलेली एकूण रक्कम सर्व्हरने कधीही जशीच्या तशी ठेवू नये. ओळी आणि नगांची संख्या घ्यायची, त्याच सामायिक फंक्शनने पुन्हा मोजायचं, आणि ब्राउझरच्या आकड्याशी जुळलं नाही तर ४०९ हा 'जुळत नाही' सांगणारा स्टेटस आणि नवा आकडा परत पाठवायचा. काउंटरवरच्या माणसाला 'दर बदलला आहे, रक्कम आता इतकी' असं दाखवून होकार घ्यायचा.

पायरी ६: मधल्या वाटेवर काय गळतं

दोन्हीकडे टाइप एकच असला तरी मधला प्रवास जेसनमधून होतो, आणि जेसनला जावास्क्रिप्टमधलं सगळं पेलत नाही. तारखेची वस्तू पाठवली की पलीकडे मजकूर पोचतो आणि तो आपोआप पुन्हा तारीख होत नाही. किंमत नसलेलं, म्हणजे 'अनडिफाइंड' असलेलं खानं गायब होतं. 'मॅप' पाठवला तर रिकामा कंस मिळतो. 'बिगइंट' तर सरळ चूक फेकतो. त्यामुळे स्कीमात तारीख मजकूर म्हणूनच लिहा, आणि जिथे वापरायची तिथे तिचं रूपांतर करा. टाइप खोटं बोलणार नाहीत इतकी काळजी घेतली की पुरे.

पायरी ७: गुपितं बाहेर जात नाहीत ना, ते पाहा

सामायिक फोल्डरातली एखादी फाइल सर्व्हरच्या फाइलीतून काही मागवू लागली की ती साखळी ब्राउझरच्या बंडलपर्यंत, म्हणजे ब्राउझरला पाठवल्या जाणाऱ्या बांधलेल्या कोडपर्यंत, पोचू शकते. म्हणून दिशा एकच: ॲप शेअर्डकडून मागवतील, शेअर्ड कोणत्याही ॲपकडून मागवणार नाही. ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनातल्या 'नो-रिस्ट्रिक्टेड-इम्पोर्ट्स' या नियमाने हे यंत्राकडूनच पाळून घ्या. सर्व्हरच्या फाइलीतला फक्त टाइप हवा असेल तर 'इम्पोर्ट टाइप' वापरा. तो बिल्डमध्ये पूर्ण पुसला जातो. टीआरपीसी नावाची लायब्ररी याच युक्तीवर उभी आहे: सर्व्हरच्या मार्गांचे टाइप ब्राउझरला मिळतात, कोड मात्र जात नाही.

व्हीटमध्ये ज्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं (कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंगचं) नाव 'व्हीट' आणि अंडरस्कोरने सुरू होतं ते बंडलमध्ये छापलं जातं. नेक्स्ट या रिॲक्टवर उभ्या असलेल्या चौकटीत तेच काम 'नेक्स्ट-पब्लिक' या उपसर्गाचं. डेटाबेसच्या पासवर्डला 'चालत नाहीये, लावून बघू' म्हणून हा उपसर्ग लावला की तो जगजाहीर झाला. बिल्ड झाल्यावर 'डिस्ट' फोल्डरात डेटाबेसचं नाव, 'पासवर्ड', 'खरेदी-किंमत' असे शब्द शोधून बघायची सवय लावा. सोर्स मॅप (बांधलेल्या कोडवरून मूळ कोड दाखवणाऱ्या फाइली) चालू केले असतील तर त्यांनाही या शोधात घ्या.

पायरी ८: जुना ब्राउझर, नवा सर्व्हर

कोड एका जागी लिहिला म्हणून तो एका क्षणी बदलतो असं नाही. सर्व्हर तुम्ही आत्ता बदलता. ब्राउझरमधली प्रत तो टॅब पुन्हा उघडला जाईल तेव्हा बदलते. मधल्या काळात दोन वेगळ्या आवृत्त्या एकमेकींशी बोलत असतात.

यासाठी बदल जोडत जायचे, तोडायचे नाहीत. नवं खानं आधी ऐच्छिक ठेवा. सर्व्हर आधी लावा, जो जुना आणि नवा दोन्ही आकार स्वीकारेल, मग ब्राउझर, आणि काही दिवसांनी खानं सक्तीचं. झॉड न ओळखलेली खानी आपणहून गाळून टाकतो आणि पुढे जातो, ते बरं असतं. 'स्ट्रिक्ट' लावलंत तर तो अशा खान्यावर चूक दाखवतो, आणि एक बाजू नवी होताच दुसरी कोलमडते.

सगळ्यात फसवा बदल अवस्थांच्या यादीचा. कच्चं, पक्कं, रद्द या तिघांत 'अंशतः परत' ही चौथी अवस्था जोडली, सर्व्हर ती पाठवू लागला, आणि जुन्या टॅबमधली स्कीमा तिला ओळखत नाही म्हणून बिलांची अख्खी यादीच दिसेनाशी होते. सर्व्हरकडून आलेलं वाचताना ब्राउझरने अनोळखी अवस्थेसाठी 'इतर' असा आडोसा ठेवलाच पाहिजे. सर्व्हरने आत येणारं कडक तपासावं, ब्राउझरने सर्व्हरकडून आलेलं वाचताना थोडं सैल राहावं.

डॉकर (ॲप त्याच्या सगळ्या सामानासह 'इमेज' नावाच्या पेटीत बांधणारं साधन) वापरत असाल तर एवढंच: बिल्डचा संदर्भ रिपॉझिटरीच्या मुळाशी ठेवा. 'एपीआय' फोल्डरात उभं राहून इमेज बनवली तर तिला शेअर्ड दिसतच नाही.

सर्व्हर दुसऱ्या भाषेत असेल तर

सर्व्हर पायथन किंवा जावात असेल तर फाइल सामायिक करता येत नाही, पण करार करता येतो. एपीआयचं, म्हणजे सर्व्हरला काय विचारता येतं त्याचं, वर्णन ओपनएपीआय या ठरलेल्या नमुन्यात लिहा, त्यावरून ब्राउझरसाठी टाइपस्क्रिप्टचे टाइप यंत्राने काढून घ्या. आकाराचा प्रश्न सुटला. नियमांचा सुटत नाही, कारण सारखा दिसणारा कोड दोन भाषांत वेगळा वागतो. पायथन ३ मधलं 'बॅकस्लॅश-डी' देवनागरी अंकांनाही अंक मानतं, जावास्क्रिप्टमधलं मानत नाही. पायथनचं 'राउंड' २.५ चे २ करतं, कारण ते नेमक्या अर्ध्यावर जवळच्या सम आकड्याकडे जातं. जावास्क्रिप्टचं 'मॅथ-राउंड' ३ करतं. इमोजी असलेल्या मजकुराची लांबीही दोघांना वेगळी भरते.

इथे कोडऐवजी उदाहरणं सामायिक करा. एक जेसन फाइल: प्रत्येक ओळीत आत काय जाईल आणि बाहेर काय यायला हवं. ९९९ पैशांच्या तीन ओळी, १८ टक्के, कर ५४० पैसे (ओळीवर पूर्ण करायचं ठरलं असेल तर). देवनागरी अंकांतला पिनकोड, इंग्रजी अंकांतला पिनकोड, शून्याने सुरू होणारा पिनकोड. १ एप्रिलची पहाट. उणे रकमेची क्रेडिट नोट. दोन प्रकारे लिहिलेला 'ऱ'. ब्राउझरच्या चाचण्या आणि सर्व्हरच्या चाचण्या दोन्ही हीच फाइल वाचतील, आणि कोणत्याही एका बाजूने वेगळं उत्तर दिलं तर बिल्ड थांबेल. नवी तक्रार आली की आधी या फाइलीत ओळ वाढवायची, ती दोन्हीकडे तपासायची, आणि जिथे नापास होते तिथला कोड दुरुस्त करायचा.